मागच्या चाकांचे स्वातंत्र्य : स्पोर्ट क्वाडच्या इतिहासातील एक वाद

साहित्याच्या इतिहासाचा तास चालू असला की एक प्रश्न कधी ना कधी येतोच. अमुक कवी टिकला आणि तमुक विसरला गेला, याला त्यांच्या कवितेची गुणवत्ता कितपत कारणीभूत, आणि समीक्षक, मासिके, प्रकाशक, अभ्यासमंडळे कितपत? या चर्चेत अलीकडे मला एक ठरावीक उत्तर वारंवार ऐकू येऊ लागले आहे. विद्यार्थी म्हणतात, साहित्यात आवडीनिवडीचा कारभार असतो, तिथे न्याय होईलच असे नाही. पण यंत्रांचे तसे नसते. यंत्र एक तर चालते किंवा चालत नाही. तिथे चांगले तेच टिकते.

हे उत्तर ऐकायला सोपे आहे आणि म्हणूनच ते तपासून पाहावेसे वाटले. यंत्रांच्या इतिहासात खरोखरच 'चांगले तेच टिकते' असे असेल, तर वाङ्मयेतिहासाला त्यापुढे ओशाळे व्हावे लागेल. नसेल, तर 'टिकणे' या शब्दाचा अर्थच आपल्याला पुन्हा लावावा लागेल. त्यासाठी मी मुद्दामच एक लहानसा, साहित्यापासून पुष्कळ दूरचा वाद निवडला आहे. स्पोर्ट क्वाड नावाच्या वाहनाची मागची दोन चाके एकमेकांशी जखडलेली असावीत की प्रत्येकाला आपापले हलण्याची मुभा असावी, एवढाच तो वाद. तो मुख्यतः अमेरिकेत झाला, त्यातली यंत्रे बहुतांशी जपानी आणि अमेरिकी होती आणि त्याचा निकाल आज सर्वांना ठाऊक आहे. निकाल का लागला, हे मात्र तितकेसे स्पष्ट नाही.

१

क्वाड म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. मराठीत 'चारचाकी' म्हटले की मोटारच डोळ्यांपुढे येते. ही मोटार नव्हे. मोटारसायकलसारखे हँडल, घोड्यावर बसावे तसे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसायचे आसन, आणि खाली फुग्यासारखे फुगीर, कमी हवेचे चार टायर. नागावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना भाड्याने फेऱ्या मारायला मिळणारी वाहने याच कुळातली. या कुळात दोन मोठ्या शाखा आहेत. एक शेतावर, जंगलात, शिकारीला, ओझी वाहायला वापरायची कामाची क्वाड. दुसरी केवळ वेगासाठी, उड्यांसाठी, शर्यतीसाठी घडवलेली स्पोर्ट क्वाड. आपला वाद या दुसऱ्या शाखेतला आहे. पण पहिलीचा उल्लेख मध्ये येणार आहे, म्हणून फरक ध्यानात असू द्यावा.

दुसरी अडचण शब्दाची. 'सस्पेन्शन'ला पारिभाषिक कोशातून 'निलंबन' हा शब्द उचलला, तर मराठी वाचकाला सरकारी नोकरीतून घरी बसवलेला कारकून आठवतो. गॅरेजमधला माणूस 'सस्पेन्शन'च म्हणतो आणि आपणही तेच म्हणू. चाक आणि गाडीची चौकट यांच्यामधली ही जोडणी. तिच्यात स्प्रिंग असते, स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉक ॲब्सॉर्बर असतो, आणि चाकाने कोणत्या मार्गाने वरखाली व्हायचे ते ठरवणारे दांडे असतात. जमीन चाकाला जे काही सांगते त्यातले किती स्वाराच्या पाठीपर्यंत पोचू द्यायचे, हे या जोडणीवर अवलंबून असते.

२

आरंभी हा प्रश्नच नव्हता, कारण सस्पेन्शनच नव्हते. १९६७ मध्ये होंडाच्या अमेरिकेतील शाखेने जपानमधल्या अभियंत्यांकडे एक मागणी केली. हिवाळ्यात मोटारसायकलींची विक्री थंडावते; तेव्हा विक्रेत्यांना विकता येईल असे काहीतरी द्या. ओसामू ताकेउची या अभियंत्याने निरनिराळ्या संख्येची चाके लावून प्रयोग केले आणि बर्फ, चिखल, वाळू यांत तीन चाके सर्वांत बरी, असा निष्कर्ष काढला. १९७० मध्ये ५९५ डॉलरला बाजारात आलेली ही तीनचाकी पुढे एटीसी ९० या नावाने प्रसिद्ध झाली. तिला ना पुढे स्प्रिंग होती ना मागे. जे काही धक्के झेलायचे ते तिचे बावीस इंची, कमी दाबाचे, फुगीर टायर झेलत. मागची दोन्ही चाके एकाच पोलादी आसावर घट्ट बसवलेली होती. साधेपणा हाच तिचा गुण होता.

फुगीर टायर धक्का झेलतो खरा, पण त्याची उसळी आवरायला त्याच्याजवळ काही नसते. वेग वाढला की गाडी चेंडूसारखी उडू लागते. वेगाची हौस वाढली तशी सस्पेन्शनची गरज निर्माण झाली, आणि १९८१ मध्ये होंडाने एटीसी २५०आर ही पुढे-मागे सस्पेन्शन असलेली शर्यती वळणाची तीनचाकी आणली. सुझुकीची चार चाकांची क्वाड १९८२ मध्ये आली. पण स्पोर्ट क्वाड म्हणून जिला ओळखता येईल अशी पहिली गाडी म्हणजे १९८५ ची सुझुकी एलटी २५०आर, 'क्वाडरेसर'. पाठोपाठ १९८६ मध्ये होंडाची टीआरएक्स २५०आर आली आणि १९८७ मध्ये यामाहाची दोन सिलिंडरची 'बॅन्शी'.

या सर्व गाड्यांच्या मागे एकच रचना होती : स्विंगआर्म. तिचे मूळ मोटारसायकलीत आहे. सायकलच्या चाकाला धरणारा चिमटा आपल्या परिचयाचा आहे. तो चौकटीला पक्का जोडण्याऐवजी एका खिळीवर बिजागरीसारखा बसवला आणि वर स्प्रिंगने तोलून धरला, की स्विंगआर्मची कल्पना येते. मोटारसायकलीतही ती सहजासहजी रुजली नव्हती. इंग्लंडमध्ये फिलिप व्हिन्सेंट यांनी १९२८ मध्येच हिंदकळणाऱ्या मागच्या चौकटीचा पुरस्कार केला होता. तरीही पुढची कित्येक वर्षे असंख्य मोटारसायकली मागे स्प्रिंगविनाच धावत राहिल्या. मोटोक्रॉसमधली मोठी उडी १९७३ ची. ल्युसिएन टिलकेन्स या बेल्जियन अभियंत्याची एकाच शॉक ॲब्सॉर्बरची कल्पना यामाहाने उचलली, आणि त्या वर्षी हाकान अँडरसन या स्वीडिश स्वाराने तिच्यावर २५० सीसी गटाचे जागतिक विजेतेपद मिळवले. चाकाची वरखाली होण्याची मर्यादा त्यानंतरच्या दशकभरात चार-पाच इंचांवरून बारा इंचांच्या आसपास गेली. तेव्हा १९८५ च्या सुमारास स्पोर्ट क्वाड घडवणाऱ्यांच्या हाताशी एक सिद्ध झालेली, ताजी, विजयी रचना होती. त्यांनी तीच घेतली. एका चाकाच्या जागी एक लांब आस बसवला, त्याच्या दोन्ही टोकांना दोन चाके. क्वाडचा जन्म मोटोक्रॉसच्या घरात झाला, असे म्हणायला हरकत नाही. घरची भाषा तिला आयतीच मिळाली.

३

ही भाषा नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावरच झाला.

स्विंगआर्म चौकटीला एकाच आडव्या खिळीवर जोडलेला असतो. तो वर जाऊ शकतो, खाली येऊ शकतो. डावीकडे किंवा उजवीकडे कलू शकत नाही. म्हणजे मागची दोन्ही चाके नेहमी एकत्रच वर जातात आणि एकत्रच खाली येतात. जुन्या ट्रकच्या सलग आसालासुद्धा एवढा निर्बंध नसतो. तिथे एक चाक खड्ड्यात गेले तर आस तिरपा होऊ शकतो. क्वाडमध्ये डावे चाक दगडावर चढले की मागचा सगळा भाग, आसन आणि त्यावरचा स्वार यांच्यासकट, उजवीकडे कलतो. शिवाय आस, त्यावरचे दातेरी चक्र, ब्रेकची तबकडी हे सगळे वजन स्प्रिंगच्या खाली असते. जमीन जे काही करील ते या वजनाला निमूट सोसावे लागते आणि वजन जितके अधिक तितका त्याचा हिसका अधिक. आसाच्या मध्यावर लोंबणारे चक्र आणि तबकडी दगडांच्या आणि खोल चाकोऱ्यांच्या कचाट्यात सापडतात, ती गोष्ट वेगळीच.

दुसरा निर्बंध फिरण्याचा. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापायचे असते. मोटारीत त्यासाठी डिफरन्शिअल असते. येथे ते नाही. दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात. त्यामुळे सपाट जमिनीवर सावकाश वळायला गेले की क्वाड हट्टाने सरळच जाऊ पाहते. वळायचे तर एका चाकाला घसरावेच लागते.

आता यातली गंमत अशी की, निर्बंध म्हणून ज्यांची यादी आपण आत्ता केली, त्यांतूनच स्वारांनी एक शैली घडवली. घसरावेच लागते ना, मग मुद्दाम घसरू. वेगात वळणावर शिरायचे, ॲक्सिलरेटर दाबायचा, मागची बाजू बाहेर फेकायची आणि पुढची चाके उलट वळवून ती घसरण तोलायची. मागचा भाग कलत नसल्यामुळे तो कधी सुटेल आणि कधी पकडेल, याचा अंदाज अचूक येतो. उडीच्या तोंडाशी दोन्ही चाके एकाच वेळी जमीन सोडतात, म्हणून हवेत गाडी सरळ राहते. स्वार आपले शरीर आसनावरून उचलून आतल्या बाजूला झोकतो आणि जे काम सस्पेन्शन करीत नाही ते गुडघे आणि कंबर करतात. दोन दशके हजारो लोक याच रीतीने क्वाड चालवायला शिकले. वृत्ताचे बंधन स्वीकारणाऱ्याला त्या बंधनातच काही जागा सापडतात, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

४

याच सुमारास बाहेरून एक आघात झाला. तीनचाकींच्या अपघातांत शेकडो लोकांचा मृत्यू झाला होता आणि त्यांत मुलांची संख्या मोठी होती. अमेरिकेचा ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग आणि प्रमुख उत्पादक यांच्यात न्यायालयामार्फत करार झाला आणि १९८८ मध्ये त्याला अंतिम स्वरूप आले. नव्या तीनचाकींची विक्री थांबली. वयाच्या अटी, प्रशिक्षण आणि इशारे देणाऱ्या पट्ट्या सक्तीच्या झाल्या. कराराची मुदत दहा वर्षांची होती.

चार चाकांच्या स्पोर्ट क्वाडवर बंदी आली नव्हती. तरीही उत्पादकांचा उत्साह ओसरला. होंडाची २५०आर १९८९ नंतर थांबली, सुझुकीची १९९२ नंतर. बॅन्शी चालू राहिली, पण ती जवळजवळ त्याच रूपात चालू राहिली. १९९० च्या दशकात शर्यतीच्या स्वारांनी काय केले? त्यांनी बंद पडलेली २५०आर जिवंत ठेवली. तिच्या इंजिनाभोवती छोट्या कारखान्यांनी नव्या चौकटी बांधल्या, रुंद आस बनवले, लांब-आखूड स्विंगआर्म बनवले. एक संपूर्ण कुटीरोद्योग उभा राहिला.

माझ्या मते या वादाच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची दहा वर्षे आहेत, जरी त्यांत वादाचा एक शब्दही उच्चारला गेला नाही. या काळात एक गाडी अभिजात ठरली. 'चांगली क्वाड' म्हणजे काय, हे त्या गाडीवरून ठरू लागले. सुटे भाग, दुरुस्तीचे ज्ञान, शर्यतीच्या धावपट्ट्या, स्वारांची शरीरे, सगळे तिच्याभोवती जमले. १९९९ मध्ये होंडाची ४००ईएक्स आणि पुढे २००४ मध्ये यामाहाची वायएफझेड ४५० आणि होंडाची टीआरएक्स ४५०आर आल्या, तेव्हा इंजिन बदलले, वजन आणि शक्ती यांचे गणित बदलले. मागची रचना तीच राहिली. तिच्याविषयी कोणी प्रश्न विचारला नाही, कारण प्रश्न विचारण्याची मोजपट्टी तिच्यापासूनच तयार झाली होती.

५

प्रश्न आला तो दुसऱ्या शाखेतून. कामाच्या क्वाडवर दिवसभर बसणाऱ्या शेतकऱ्याला घसरण्याची शैली नको होती. त्याला पाठ शाबूत हवी होती. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या पोलॅरिस कंपनीने 'स्पोर्ट्समन ५००' ही क्वाड मागच्या बाजूला स्वतंत्र सस्पेन्शन देऊन विक्रीस आणली. २००२ च्या यामाहा ग्रिझली ६६० मध्ये आणि २००३ च्या होंडा रिंकनमध्येही तीच दिशा दिसते. खडकाळ वाटेवर दिवस काढणाऱ्यांनी या गाड्यांचे स्वागत केले.

मग २००६ मध्ये पोलॅरिसने तीच कल्पना शर्यती वळणाच्या गाडीत आणली. तिचे नाव 'आउटलॉ ५००'. बेकायदा माणूस, पुंड. नाव जाहिरातीसाठी ठेवले असले तरी ते अनवधानाने अचूक ठरले, कारण प्रस्थापित संकेत मोडणारी ही गाडी होती. तिची बहीण 'प्रेडेटर' २००३ पासून स्विंगआर्मवर धावत होती. आउटलॉमध्ये स्विंगआर्म नाही. प्रत्येक मागच्या चाकाला आपले स्वतःचे दांडे आणि आपला स्वतःचा शॉक ॲब्सॉर्बर. इंजिनाची साखळी चौकटीलाच बसवलेल्या मधल्या भागापर्यंत येते आणि तिथून दोन्ही बाजूंना दोन आखूड दांडे चाकांपर्यंत जातात. चाक वरखाली होताना या दांड्यांचा कोन सतत बदलतो. तरी गती समान राहावी म्हणून प्रत्येक दांड्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट नावाचे सांधे असतात आणि त्यांवर रबरी टोप्या.

याचे लाभ कागदावर निर्विवाद होते. डावे चाक दगडावर चढले तर डावेच चढते. चक्र आणि त्याच्या भोवतीचा जड पसारा चौकटीवर गेल्यामुळे स्प्रिंगच्या खालचे वजन घटते आणि चाक जमिनीला अधिक इमानाने चिकटून राहते. गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा वाढते. झाडांच्या मुळांनी आणि दगडांनी भरलेल्या वाटेवर स्वार आसनावर बसून जाऊ शकतो. प्रत्येक धक्क्याला उठून उभे राहावे लागत नाही.

मात्र 'स्वतंत्र' या शब्दाला भुलता कामा नये. आउटलॉची मागची चाके वरखाली होण्यापुरती स्वतंत्र होती. फिरण्याच्या बाबतीत ती अजूनही एकमेकांशी बांधलेली होती, कारण मध्ये डिफरन्शिअल नव्हते. अर्धे स्वातंत्र्य, असे फार तर म्हणता येईल. मुक्तछंदालाही आतली लय सुटत नाही, हे आपण वर्गात शिकवतोच. शिवाय स्वतंत्र रचना सदैव निर्दोष असते असेही नाही. मोटारींच्या इतिहासात १९६० च्या शेव्हरोले कॉर्व्हेअरचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तिची मागची चाके स्वतंत्र होती, पण चाक वरखाली होताना त्याचा कलही मोठ्या प्रमाणात बदलत असे. राल्फ नेडर यांनी १९६५ मधल्या आपल्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण या गाडीवर लिहिले. स्वातंत्र्य कोणत्या दिशेने आणि कोणत्या मर्यादेत, हे दांड्यांची लांबी आणि खिळ्यांच्या जागा ठरवतात. शब्द ठरवत नाही.

६

होंडाने २००८ मध्ये टीआरएक्स ७००एक्सएक्स ही ६८६ सीसीची, स्वतंत्र मागच्या सस्पेन्शनची स्पोर्ट क्वाड आणली, तेव्हा क्षणभर असे वाटले असेल की वाद निकालात निघाला. जगातली सर्वांत मोठी मोटारसायकल कंपनी त्या बाजूला आली होती. पण त्याच २००८ मध्ये पोलॅरिसने एक वेगळीच गोष्ट केली. २००७ पासून केटीएमचे इंजिन घेऊन येणाऱ्या स्वतंत्र रचनेच्या आउटलॉ ५२५ शेजारी तिने 'आउटलॉ ५२५ एस' उभी केली. तेच इंजिन, तेच नाव, मागे मात्र सलग आस आणि स्विंगआर्म. मोटोक्रॉससाठी काढलेली आउटलॉ ४५० एमएक्सआरही सलग आसाचीच होती. पुंडाने अर्ध्या मनाने कायदा मान्य केला.

आक्षेप कोणते होते? पहिला वजनाचा. चार दांडे, दोन शॉक ॲब्सॉर्बर, दोन आखूड दांडे, चार सांधे हे सगळे मिळून एका आसापेक्षा आणि एका चिमट्यापेक्षा जड होणारच. स्प्रिंगच्या खालचे वजन घटले, पण एकूण वजन वाढले. दोन्ही विधाने खरी आहेत आणि कोण बोलतो आहे यावर कोणते विधान आधी येते ते ठरते. दुसरा आक्षेप कलण्याचा. वळणावर मागचा भाग आता बाहेर झुकू लागला. सलग आसाच्या ताठपणावर ज्यांची शैली घडली होती, त्यांना मागची बाजू केव्हा सुटेल याचा अंदाज येईना. तिसरा आक्षेप दुरुस्तीचा. वाकलेला आस काढून नवा घालणे हे अंगणात होण्यासारखे काम. रुंद गाडी हवी असेल तर रुंद आस विकत आणला की झाले. स्वतंत्र रचनेत रुंदी बदलायची तर दांडे, सांधे, शॉक सगळेच बदलावे लागते, आणि ते बनवणारा कुटीरोद्योग अस्तित्वात नव्हता. दहा-पंधरा वर्षांचे जमलेले ज्ञान एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला मालकासाठीची पुस्तिका, अशी ती विषम लढत होती.

हे आक्षेप खोटे नव्हते. पण ते कुठून केलेले होते, ते पाहिले पाहिजे. मोटोक्रॉसची धावपट्टी माणसाने रचलेली असते. तिच्यावरचे उंचवटे पट्टीच्या सबंध रुंदीभर, सरळ आडवे असतात; दोन्ही चाके त्यांवर एकदमच चढतात. डाव्या चाकाला एक आणि उजव्या चाकाला दुसरे, असे तिथे क्वचितच घडते. म्हणजे स्वतंत्र सस्पेन्शन ज्या प्रश्नाचे उत्तर होते तो प्रश्न त्या धावपट्टीवर फारसा विचारलाच जात नव्हता. वजन, ताठपणा आणि उडी हे प्रश्न मात्र दर फेरीला विचारले जात. आणि प्रतिष्ठा धावपट्टीला होती. स्पोर्ट क्वाड म्हणजे शर्यतीची गाडी, ही समजूत इतकी पक्की होती की, जे शर्यत करीत नाहीत, आठवड्यातून एकदा डोंगरवाटेवर जाऊन संध्याकाळी कंबर चोळत घरी येतात, त्यांनीसुद्धा गाडी निवडताना धावपट्टीचाच निकाल विचारात घ्यावा. ज्यांच्या पाठीसाठी ही रचना होती, ते परीक्षकांच्या बाकावर नव्हते.

७

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. २००८ मध्ये आर्थिक मंदी आली आणि हौसेच्या वाहनांची बाजारपेठ आक्रसली. होंडाची ७००एक्सएक्स २००९ नंतर आली नाही. आउटलॉ ५२५ चाही शेवट २०११ च्या सुमारास झाला. यामाहाची रॅप्टर ७०० आणि वायएफझेड ४५०आर या स्विंगआर्मच्या गाड्या मात्र २०२० नंतरही विकल्या जात राहिल्या. विद्यार्थ्याचे विधान इथे खरे ठरते, असे कोणी म्हणेल. चांगले ते टिकले.

यावर माझे पहिले उत्तर पोलॅरिसच्याच दुसऱ्या गाडीकडे बोट दाखवणारे आहे. २००७ मध्ये या कंपनीने 'रेझर' नावाने ओळखली जाणारी, शेजारी-शेजारी दोघांनी बसायची, स्टिअरिंग चाक आणि पट्टे असलेली गाडी आणली. तिची मागची चाके स्वतंत्र होती. या जातीच्या गाड्यांनी पुढे बाजारपेठ व्यापली. होंडाची टॅलन, यामाहाची वायएक्सझेड, कॅन-ॲमची मॅव्हरिक, सगळ्या स्वतंत्र सस्पेन्शनच्याच. इथे स्वार शरीर झोकू शकत नाही. तो आसनाला बांधलेला असतो. गुडघ्यांनी आणि कंबरेने करायचे काम आता यंत्रालाच करावे लागते. प्रश्न बदलला आणि काल हरलेले उत्तर आज बरोबर ठरले. स्पोर्ट क्वाडमध्ये जी रचना अवघी पाच-सहा वर्षे जगली, ती शेजारच्या घरात जाऊन वारस झाली.

पण एवढ्यावर थांबलो तर मी माझ्या बाजूचाच पुरावा निवडला, असे होईल. दुसऱ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा डकार रॅलीचा आहे. २००९ ते २०२४ या काळात डकारमध्ये क्वाडचा वेगळा गट होता. तिथे रचलेली धावपट्टी नाही. हजारो किलोमीटरचे वाळवंट, दगड, वाळलेल्या नद्यांची पात्रे. स्वतंत्र सस्पेन्शनने जिंकावे अशी हीच भूमी. आणि तिथे वर्षानुवर्षे वर्चस्व राहिले ते यामाहा रॅप्टर ७०० चे, म्हणजे सलग आस आणि स्विंगआर्म यांचे. हे धावपट्टीच्या पूर्वग्रहाने समजावून सांगता येत नाही. लांबच्या शर्यतीत रात्री तंबूत दिव्याच्या उजेडात गाडी दुरुस्त करावी लागते. जिच्यात मोडण्यासारखे कमी आहे तीच सकाळी उभी असते. आणि त्या सुमारास स्वतंत्र रचनेच्या दोन चाकांनी ओढल्या जाणाऱ्या स्पोर्ट क्वाड उरल्याच किती होत्या? साधेपणाचा गुण खरा, आणि स्पर्धकच मैदानात नव्हता हेही खरे. या दोहोंतला वाटा तोळामाशात मोजता येणार नाही.

८

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. यंत्रांच्या जगात चांगले तेच टिकते का?

या छोट्या इतिहासावरून 'नाही' असे सरळ उत्तर देता येत नाही. स्विंगआर्म केवळ मिरासदारीवर टिकला असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो हलका आहे, साधा आहे, दुरुस्त होतो आणि ज्याला त्याची भाषा येते त्याला तो भरपूर देतो. 'होय' असेही म्हणता येत नाही. कारण 'चांगले' हे ठरवणारी मोजपट्टी आकाशातून पडली नव्हती. ती १९८५ च्या मोटोक्रॉसच्या वारशातून, १९८८ च्या करारानंतरच्या गोठलेल्या दशकातून, एका बंद पडलेल्या गाडीवरच्या प्रेमातून आणि आडव्या उंचवट्यांच्या धावपट्टीतून तयार झाली होती. टिकलेली रचना काही प्रश्नांचे उत्तम उत्तर होती. ते प्रश्न कोणी, कुठे उभे राहून विचारले, हे टिकण्याच्या वस्तुस्थितीवरून कळत नाही. ते वेगळे शोधावे लागते.

मला वाटते, साहित्याच्या इतिहासात आपण नेमके हेच शोधायचे टाळतो. टिकलेल्या कवीची थोरवी सांगताना आपण त्याच्या काळची मोजपट्टी आपलीच धरून चालतो, आणि विसरलेल्या कवीची कैफियत मांडताना त्याच्यावर केवळ कट झाला असे सुचवतो. दोन्ही वाचनांत कविता वाचण्याचे श्रम वाचतात. आउटलॉवर न्याय करायचा तर तिचे दांडे, तिचे वजन, तिचे अर्धे स्वातंत्र्य पाहावे लागते, आणि ती कोणाच्या पाठीसाठी घडवली होती तेही पाहावे लागते. ते लोक धावपट्टीवर नव्हते, म्हणून त्यांची साक्ष निकालपत्रात नाही. वाङ्मयेतिहासाच्या आपल्या वहीतही अशा न नोंदलेल्या साक्षी असणार. पुढच्या वेळी वर्गात तो प्रश्न आला, की यंत्रांचा दाखला खोडून काढण्याऐवजी मी तोच पुढे चालवणार आहे : टिकले ते कोणत्या जमिनीवर, आणि ती जमीन कोणी सपाट केली होती?